मेडिकलचा इंटरव्ह्यू झाला, पुढे फाइलचं काय होतं?

पत्र: माझ्या मुलाने यंदा इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मेडिकल कॉलेजांसाठी अर्ज केले. जीपीए (कॉलेजातल्या गुणांची सरासरी, चारपैकी) ३.८२, एमकॅट (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) ५१४. बावीस ठिकाणी अर्ज, पाच ठिकाणी इंटरव्ह्यू. पहिल्या कॉलेजचा नोव्हेंबरात नकार आला, एकाने वेटलिस्टवर टाकलं आणि उरलेल्या तिघांच्या पोर्टलवर डिसेंबरपासून 'समितीच्या विचाराधीन' एवढंच दिसतंय. आता जानेवारी अर्धा संपला. इंटरव्ह्यूनंतर आत नेमकं काय चालतं? पुण्याहून सासरे रोज विचारतात, मेरिट लिस्ट कधी लागणार? ह्यांच्या ओळखीचे एक हृदयरोगतज्ज्ञ त्या तिघांपैकी एका कॉलेजच्या हॉस्पिटलात आहेत, त्यांनी शब्द टाकला तर? मी ऑफिसला फोन करून विचारू का? मुलगा म्हणतो, 'आई, तू काही करू नकोस.' आशियाई मुलांना मागे ठेवतात असं महाराष्ट्र मंडळातले लोक म्हणतात, ते खरं का? सासऱ्यांचं म्हणणं, नाहीतर एनआरआय कोट्यातून इकडे पाठवा. जीव टांगणीला लागलाय.
— एक आई, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: ताई, मुलाचं ऐका. फोन करू नका आणि डॉक्टरसाहेबांनाही शब्द टाकायला सांगू नका. का ते पुढे येईलच.

आधी सासऱ्यांचा प्रश्न. मेरिट लिस्ट लागणार नाही, कारण ती नसतेच. महाराष्ट्रात नीटचे ७२० पैकी गुण, त्यावरून रँक, सीईटी सेलच्या कॅप फेऱ्या, आणि कुठल्या कॉलेजचा कटऑफ कितीवर थांबला हे सगळ्या गावाला कळतं. अमेरिकेत प्रत्येक मेडिकल कॉलेजची आपली समिती, आपले नियम, आणि का घेतलं किंवा का नाही घेतलं हे उमेदवाराला कळवायची सहसा पद्धत नाही. त्यामुळे खाली जे सांगतोय ते बहुतेक एमडी कॉलेजांत (इथे एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) चालतं तसं आहे. तुमच्या तिघांपैकी एखाद्याची एखादी पायरी वेगळी असेल.

आकड्यांची काळजी आता बाजूला ठेवा. दरवर्षी सुमारे ५२ हजार मुलं अर्ज करतात आणि सुमारे २३ हजारांना प्रवेश मिळतो. एमकॅट ४७२ ते ५२८ मध्ये मोजतात. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११-५१२ च्या आसपास असते. ५१४ आणि ३.८२ या जोडीने मुलगा दारापर्यंत पोचला, म्हणजे 'याला अभ्यास झेपेल का' या प्रश्नाचं उत्तर समितीने आधीच दिलंय. काही कॉलेजं इंटरव्ह्यूला बोलावलेल्या सगळ्यांची पाटी कोरी करतात, काही जुने गुण आणि इंटरव्ह्यूचे गुण ठरलेल्या प्रमाणात एकत्र करतात. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच: समोर बसलेल्या सगळ्यांचेच आकडे चांगले असल्यामुळे त्यांच्यातला फरक आकड्यांनी फारसा ठरत नाही.

मग कशाने ठरतो? इंटरव्ह्यू घेणारा त्याच दिवशी, फार तर दोन-तीन दिवसांत, एक ऑनलाइन फॉर्म भरतो. त्यात संवाद, डॉक्टर व्हायची प्रेरणा, दुसऱ्याच्या दुःखाची समज, चारचौघांबरोबर काम करण्याची तयारी, नैतिक पेचातला विवेक, या कॉलेजशी जुळणं अशी पाच-सात सदरं असतात. प्रत्येकापुढे एक ते पाच किंवा तत्सम आकडा टाकायचा, आणि कुठला आकडा कधी द्यायचा याचं वर्णन बाजूला छापलेलं असतं. खाली एक मोकळी चौकट असते. शेवटी शिफारस: घ्यावा, घ्यायला हरकत नाही, शंका आहे, घेऊ नये. बाहेरून वाटतं की सगळा खेळ आकड्यांचा. प्रत्यक्षात बैठकीत वजन पडतं ते मोकळ्या चौकटीतल्या चार ओळींचं.

समजा, तुमच्या मुलाने न्यूअर्कच्या एखाद्या फ्री क्लिनिकमध्ये दुभाष्याचं काम केलंय आणि इंटरव्ह्यूत ते सांगितलंय. एकाच मुलाबद्दल दोन प्रकारचे शेरे लिहिले जाऊ शकतात. पहिला: 'नम्र, तयारीने आलेला. सेवेची आवड असल्याचं सांगतो. क्लिनिकचा अनुभव चांगला. चार.' दुसरा: 'एका आजींनी इन्सुलिन मध्येच का थांबवलं हे त्या सुनेसमोर सांगत नव्हत्या, हे याच्या लक्षात आलं. त्याने डॉक्टरांच्या कानावर घातलं, सुनेला बाहेर बसवलं, आणि मग कळलं की औषधाचा खर्च घरात सांगायचा संकोच होता. आपल्याकडून एखाद्या शब्दाचं चुकीचं भाषांतर झालं तर काय, हेही स्वतःहून बोलला. चार.' आकडा तोच. पण समितीत पहिला शेरा वाचला की लोक मान हलवून पुढच्या फाइलकडे वळतात. दुसरा वाचला की कोणीतरी म्हणतं, 'हा मुलगा वॉर्डात उपयोगी पडेल.' पहिला शेरा नेहमीच मुलाच्या दोषामुळे येतो असंही नाही. इंटरव्ह्यू घेणाराच आळशी असेल तर चांगल्या मुलाच्या वाट्यालाही तसला शेरा येतो. पण मुलाने 'मला सेवेतून खूप शिकायला मिळालं' इतकंच सांगितलं असेल, तर लिहिणाऱ्याकडे लिहायला दुसरं काही उरतच नाही.

काही कॉलेजांत एमएमआय, म्हणजे एकापाठोपाठ अनेक छोट्या मुलाखती, असा प्रकार असतो. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत निघाली. सहा ते दहा टेबलं किंवा खोल्या, प्रत्येकीत सात-आठ मिनिटं, प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक. त्याला बहुधा मुलाची फाइल दिलेलीच नसते. तो फक्त आपल्यापुढचा एक प्रसंग आणि त्यावर मुलगा काय बोलला एवढंच पाहून गुण देतो. याचा फायदा असा की एक खोली वाईट गेली म्हणून मुलगा बुडत नाही, सरासरी निघते. कोणी परीक्षक हात राखून गुण देणारा, कोणी सढळ. त्याचा हिशेबही काही ठिकाणी गणिताने जुळवून घेतात. पण एमएमआयच्या फॉर्मवर 'गंभीर शंका' अशी एक खूण असते. ती मात्र सरासरीत विरत नाही, थेट समितीपुढे येते. रुग्णाची भूमिका करणाऱ्या बाईशी उद्धट बोलणं, एखाद्या जमातीबद्दल तुच्छतेने बोलणं, खोटं सांगणं, असल्या गोष्टींवर ती पडते. ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांशी किंवा कॉलेज दाखवायला आलेल्या विद्यार्थ्यांशी कसं वागला तेही याच वाटेने आत पोचतं.

आता समिती. अमेरिकेत एमडी कॉलेजांना मान्यता देणाऱ्या एलसीएमई या संस्थेचा नियम स्पष्ट आहे: कोणाला घ्यायचं याची अंतिम जबाबदारी रीतसर नेमलेल्या प्रवेश समितीची, प्रत्येक बैठकीत मत देणाऱ्यांत प्राध्यापक बहुसंख्य हवेत, आणि निवडीवर राजकीय किंवा आर्थिक दबाव चालणार नाही. समितीत मूलभूत विषय शिकवणारे असतात, वॉर्डात काम करणारे असतात, बऱ्याच ठिकाणी वरच्या वर्गातले मेडिकलचे विद्यार्थीही असतात. हंगामात ही मंडळी आठवड्या-पंधरवड्याने भेटतात, आणि एका बैठकीत डझनावारी फाइली हातावेगळ्या करायच्या असतात.

प्रत्येक फाइल एका सदस्याकडे आधीच वाचायला दिलेली असते. तो ती मांडतो: मुलगा कुठला, काय शिकला, गुणांचा आलेख चढता की उतरता, कामं कोणती आणि किती दिवस टिकून केली, शिफारसपत्रांत काय वेगळं आहे, इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनी काय लिहिलं. तीन ते पाच मिनिटं. मग प्रश्न, मग मतदान, बहुधा संगणकावर आणि गुप्त. कुठे एक ते दहा गुण देऊन सरासरी काढतात, कुठे 'घ्या, वेटलिस्ट, नको, थांबवा' असे चारच पर्याय असतात. काही कॉलेजांत इंटरव्ह्यू घेणाऱ्याला त्याच मुलाच्या मतदानात भागच घेता येत नाही. थोडक्यात, ज्यांच्या हातात मत आहे त्यांतल्या बहुतेकांनी तुमच्या मुलाला कधी पाहिलेलंच नसतं. फाइल मांडणारा वकिलासारखा उभा असतो, आणि वकिलाच्या हातात मुद्दा नसेल तर अशिलाचा चांगुलपणा कोर्टाला दिसणार कसा?

बैठकीत फाइल घसरते ती मोठ्या चुकांमुळे क्वचितच. घसरते ती विसंगतीमुळे. अर्जात प्रयोगशाळेतले सहाशे तास, पण स्वतःचा प्रयोग काय होता आणि त्यातून काय निघालं हे इंटरव्ह्यूत दोन वाक्यांत सांगता आलं नाही. निबंधात ग्रामीण आरोग्याचा ध्यास, पण शहराबाहेर एक दिवस घालवलेला नाही. एका सत्रात दोन विषयांत सी, आणि विचारल्यावर दोष शिक्षकांवर. 'आमचंच कॉलेज का' याचं उत्तर असं की कॉलेजचं नाव बदललं तरी चालेल. नैतिक प्रश्नावर दहाव्या सेकंदाला निकाल. समोरची बाजू ऐकायचीच नाही. आणि पाठ केलेली उत्तरं. हल्ली तयारीचे वर्ग इतके झालेत की त्याच चार वाक्यांचा साचा परीक्षकाला एका दिवसात तीनदा ऐकायला मिळतो; घोकंपट्टीचा वास लगेच येतो.

आपल्या घरांतल्या मुलांच्या फाइलमध्ये आणखी एक कच्चा दुवा दिसतो, आणि तो स्पष्ट सांगायला हवा. शॅडोइंग (डॉक्टरांच्या मागे राहून त्यांचं काम बघणं) वडिलांच्या मित्राकडे, प्रयोगशाळा काकांच्या ओळखीची, सेवा देवळात नाहीतर मंडळाच्या कार्यक्रमात. यात गैर काही नाही, पण सगळंच असं असेल तर समितीत प्रश्न येतो: हा मुलगा आपल्या ओळखीच्या वर्तुळाबाहेर कधी एकटा गेलाय का? अनोळखी माणसाची, वेगळ्या भाषेची, पैसे नसलेल्या माणसाची सेवा याला जमेल का?

हे सगळं वाचून ही पद्धत अचूक आहे असं मात्र समजू नका. १९७९ मध्ये टेक्सस विद्यापीठाच्या ह्यूस्टनच्या मेडिकल कॉलेजने नेहमीप्रमाणे दीडशे मुलं निवडली. मग राज्याच्या विधिमंडळाने सांगितलं, आणखी पन्नास घ्या. तोवर वरची मुलं इतरत्र गेलेली, म्हणून इंटरव्ह्यूच्या यादीत अगदी तळाशी राहिलेल्यांतून पन्नास घ्यावी लागली. पुढे दोन्ही गटांची तुलना करून १९८७ मध्ये ती छापून आली: पदवी मिळवण्यात, वॉर्डातल्या कामात, नंतरच्या पहिल्या वर्षात, दोन्ही गट सारखेच निघाले. म्हणून नोव्हेंबरातला नकार हा मुलाच्या लायकीवरचा शेरा धरू नका, आणि त्यालाही धरू देऊ नका.

आता डॉक्टरसाहेब. समितीतला सदस्य उमेदवाराच्या ओळखीचा असेल तर त्याने ते सांगून बाजूला व्हायचं असतं. डॉक्टरसाहेब समितीत नसतील आणि बाहेरून बोलले, तर ऐकणाऱ्याची पंचाईत होते: लक्ष दिलं तर नियमभंग, नाही दिलं तर सहकाऱ्याचा रुसवा. यातून मुलाचं भलं होण्यापेक्षा फाइलला 'दबाव आणणारे लोक' असा डाग लागण्याचीच शक्यता जास्त. एक अपवाद. मुलाने खरोखर त्यांच्या हाताखाली काही महिने काम केलं असेल आणि कॉलेज इंटरव्ह्यूनंतर जादा शिफारसपत्र स्वीकारत असेल, तर त्यांनी पर्यवेक्षक म्हणून पत्र लिहावं, पोर्टलवरून, उघडपणे. 'मुलाच्या वडिलांना मी वीस वर्षं ओळखतो' हे पत्र नको. त्याला शून्य किंमत आहे.

तुमच्या फोनचंही तसंच. उचलणारी बाई सभ्यपणे बोलेल, 'उमेदवारालाच संपर्क करू द्या' म्हणेल, आणि फोन आल्याची नोंद कुठेतरी राहू शकेल. एवढ्या मोठ्या मुलासाठी आई फोन करते, यातून मुलाच्या स्वतंत्रपणाबद्दल जे वाटायचं ते वाटतं. आपल्याकडे ती माया. इथे ती शंका.

तीन कॉलेजं गप्प आहेत त्याचा अर्थ काय, हा तुमचा खरा प्रश्न. गप्प म्हणजे नाही, असं नाही. एमडी कॉलेजांत प्रवेशपत्रं साधारण १५ ऑक्टोबरपासून निघायला लागतात, आणि इंटरव्ह्यू मात्र फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालू असतात. जसजशी मतं पडतात तसतशी काही कॉलेजं पत्रं पाठवत राहतात. काही सगळे इंटरव्ह्यू संपवून मार्चमध्ये एकदम पाठवतात. तुमच्या मुलाची फाइल तीन अवस्थांपैकी एकीत असणार. अजून मांडलीच गेली नसेल. मांडली गेली, गुण सीमारेषेवर आले, म्हणून 'पुढच्यांशी तुलना करून बघू' असं ठरवून थांबवली असेल. किंवा निर्णय झालाय आणि पत्र पुढच्या गठ्ठ्यात जायचंय. पोर्टलवर तिन्हींना एकच वाक्य दिसतं. दिवसातून दहा वेळा ते उघडून बघितल्याने घशाखाली घास उतरत नाही, एवढंच.

मतदानाने 'घ्यायला योग्य' अशांचा साठा तयार होतो. त्यातून वर्ग बांधायचं काम वेगळं, आणि ते अनेक ठिकाणी डीन किंवा छोटी उपसमिती बघते. चांगल्या मुलाला चार-पाच ठिकाणी प्रवेश मिळतो आणि तो जातो एकाच ठिकाणी. म्हणून कॉलेजं जागांपेक्षा जास्त पत्रं पाठवतात. समजा, जागा दीडशे आहेत आणि अनुभवाने माहीत आहे की निम्मीच मुलं येतात, तर पत्रं तीनशेच्या घरात जातील. अंदाज जास्त सावध धरला की वेटलिस्ट हलते. पोरं अपेक्षेपेक्षा जास्त आली की ती जागची हलत नाही. त्याच्यावर राज्याचा हिशेब: सरकारी कॉलेजं आपल्या राज्यातल्या रहिवाशांना झुकतं माप देतात. न्यू जर्सीचे रहिवासी असणं रटगर्सच्या, म्हणजे तिथल्या सरकारी विद्यापीठाच्या, कॉलेजांत उपयोगी. शेजारच्या एखाद्या राज्याच्या सरकारी कॉलेजात तेच आड येऊ शकतं. मुलाच्या तीन कॉलेजांत कुठली सरकारी आणि कुठली खासगी, ते बघा. थांबण्याचा अर्थ त्यावरही अवलंबून आहे.

वेटलिस्टचेही दोन प्रकार. काही कॉलेजं क्रमांक लावतात, वरून खाली जातात. बरीच कॉलेजं क्रमांक लावत नाहीत. जागा रिकामी झाली की जो गेला त्याच्याजागी वर्गाला काय हवंय हे बघून बोलावतात. अशा ठिकाणी 'मी कितवा' हा प्रश्नच गैरलागू ठरतो. वेटलिस्ट खरी हलते ती ३० एप्रिलनंतर, कारण तोवर एकाहून जास्त प्रवेश असलेल्या मुलांनी एकच ठेवून बाकीचे सोडावेत असा संकेत आहे. मग मे, जून, कधीकधी जुलैत वर्ग सुरू व्हायच्या आठवड्यापर्यंत फोन येत राहतात.

आशियाई मुलांबद्दल. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या खटल्यांत वंश हा प्रवेशाचा निकष म्हणून वापरायला मनाई केली. मुलाने स्वतः आपल्या अनुभवाबद्दल लिहिलं असेल, तर तो अनुभव विचारात घेता येतो. अर्जातल्या वंशाच्या चौकटीतली नुसती खूण मात्र नाही. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत ही बंदी १९९६ च्या जनमतापासूनच आहे. आणि मेडिकलला प्रवेश मिळालेल्यांत आशियाई वंशाच्या मुलांचं प्रमाण एक पंचमांशाहून जास्त आहे. मंडळातल्या गप्पांत जो अन्याय सांगितला जातो त्यातला बराच भाग हा फाइली एकसारख्या असण्याचा आहे: जीवशास्त्र, प्रयोगशाळा, हॉस्पिटलात स्वयंसेवा, तबला, टेनिस. मांडणाऱ्याला 'हा वेगळा कसा' हे सांगताच येत नाही. तबला लपवायचा नाही. पण त्याबद्दल मुलाला दोन मिनिटं रंगून बोलता येत असेल तरच तो फाइलमध्ये जिवंत राहतो.

मग आत्ता करायचं काय? मुलाने, मुलानेच, प्रत्येक कॉलेजच्या सूचना पुन्हा वाचाव्यात. काही कॉलेजं स्पष्ट लिहितात की इंटरव्ह्यूनंतर काही पाठवू नका. तिथे काही पाठवू नये. सूचना न वाचणारा अशी नोंद होण्यापलीकडे काही हाती लागत नाही. जिथे चालतं तिथे अपडेट लेटर, पोर्टलवर, एका पानाच्या आत. तीनशे शब्द पुरतात. त्यात फक्त अर्जानंतर घडलेलं नवं: सप्टेंबर ते डिसेंबर सत्राचे गुण आणि गुणपत्रिका, नवं काम आणि त्याचे तास, स्वीकारला गेलेला शोधनिबंध. 'पाठवलेला' आणि 'स्वीकारलेला' यांत समिती फरक करते, आणि खोटं सापडलं तर मिळालेला प्रवेशही जातो. 'ऑक्टोबरपासून दर शनिवारी डायलिसिस केंद्रावर चार तास. रुग्ण मध्येच येणं का सोडतात याची यादी करून नर्सना दिली, त्यावरून दोघांची वाहनाची सोय झाली' असं एक वाक्य 'मी माझी सेवावृत्ती अधिक दृढ केली' या वाक्याच्या दसपट कामाचं, कारण मांडणारा सदस्य ते जसंच्या तसं वाचून दाखवू शकतो. नवं काहीच घडलं नसेल तर पत्र पाठवू नये. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पत्र, मग पुन्हा, असंही नको. हंगामात दोनदा पुरे.

'प्रवेश दिलात तर नक्की येईन' असं पत्र वेगळं. ते फक्त एकाच कॉलेजला लिहायचं. कायद्याने बांधलेलं नसतं, पण दोघांना लिहिणं ही फसवणूक आहे. वेटलिस्टवर असलेल्या कॉलेजला ते मार्च-एप्रिलमध्ये लिहिलेलं जास्त उपयोगी, कारण तेव्हा त्यांना रिकाम्या जागी खात्रीने येणारा मुलगा हवा असतो. ज्या कॉलेजांनी अजून निर्णयच दिला नाही त्यांना आत्ता 'मला अजूनही रस आहे, कारण अमुक' एवढं अपडेटमध्येच घालावं. इंटरव्ह्यूनंतरचं आभारपत्र हे सौजन्य आहे, करावं, पण तोवर फॉर्म भरून गेलेला असतो. त्याने गुण वाढत नाहीत.

तारखा लिहून ठेवा. १५ मार्चपर्यंत कॉलेजांनी निदान जागांइतकी पत्रं पाठवलेली असावीत, असा देशपातळीवरचा संकेत आहे. १५ एप्रिलला तीनपेक्षा जास्त प्रवेश हातात ठेवू नयेत, ३० एप्रिलला एकच. एक प्रवेश मिळाला की ॲमकासवर (एमडी कॉलेजांच्या सामाईक अर्जाच्या व्यवस्थेत) 'प्लॅन टू एनरोल' निवडता येतं आणि इतर वेटलिस्टवरही राहता येतं. 'कमिट टू एनरोल' निवडलं की बाकी सगळीकडून नाव मागे घ्यायचं असतं. हे बटण घाईने दाबू नये. प्रवेशाचं पत्र आलं की सुरुवातीला उत्तराला साधारण दोन आठवडे मिळतात, ३० एप्रिलनंतर मुदत बरीच कमी. वेटलिस्टचा फोन भलत्या वेळी येतो, म्हणून मुलाचा व्हॉइसमेल भरलेला नसावा आणि अनोळखी नंबर त्याने उचलावेत. मे-जूनमध्ये आजोबांना भेटायला पुण्याला जायचं असेल तर अमेरिकेतला नंबर तिथेही चालू राहील अशी सोय करावी. आर्थिक मदतीचा अर्ज, म्हणजे फाफ्सा, प्रवेशाची वाट न बघता भरावा.

तुमचा मुलगा नागरिक असेल असं धरून हे लिहिलं आहे. एच-४ व्हिसावर (एच-१बी नोकरदारांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) असलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी एक ओळ: बरीच कॉलेजं फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच घेतात, त्यामुळे अर्ज करण्याआधीच प्रत्येक कॉलेजचा नियम बघा.

एनआरआय कोट्याचं मनावर घेऊ नका, निदान आत्ता नाही. तिथेही नीट द्यावीच लागते, आणि चार वर्षं कॉलेज केलेल्या मुलाने पुन्हा अकरावी-बारावीचं भौतिकशास्त्र काढून बसायचं. पुढे इथे परत यायचं तर परदेशी पदवीधर म्हणून यूएसएमएलई ही परवाना परीक्षा आणि परदेशी पदव्या तपासणाऱ्या ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र, आणि मग रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणासाठी, इथल्या मुलांशी स्पर्धा. त्यापेक्षा डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक मेडिसिनची पदवी देणाऱ्या, कॉलेजांकडे बघा. 'ते खरे डॉक्टर का?' असं आपल्याकडे अजून विचारलं जातं. डीओ पदवीला अमेरिकेत एमडीइतकेच वैद्यकीय अधिकार आहेत, आणि २०२० पासून दोघांची रेसिडेन्सीची मान्यता एकाच व्यवस्थेत आली आहे. त्यांचा अर्ज वेगळा, आणि काहींची मुदत वसंतापर्यंत असते. म्हणजे आज रात्री मुलाने एखाद-दोन संकेतस्थळं उघडून तारीख बघण्यात काही जात नाही.

आणि एप्रिल संपेपर्यंत कुठूनच काही आलं नाही तर पुढच्या अर्जाची तयारी मे महिन्यातच हवी. ॲमकास मेच्या सुरुवातीला उघडतं आणि मेअखेरीपासून अर्ज पाठवता येतात. तोच निबंध, तीच कामं घेऊन पुन्हा त्याच कॉलेजांत जाऊ नये, जुना अर्ज त्यांच्याकडे असतो आणि ते शेजारी ठेवून वाचतात. काही कॉलेजं हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात फाइलवर अभिप्राय देतात. ते मुलाने लेखी मागावं, जूनमध्ये, वाद न घालता, आणि जे सांगतील ते लिहून घ्यावं.